सून लपली

दरवर्षी नववीच्या वर्गाला मी अटलांटिक महासागरातली मासेमारी शिकवते. थंड आणि उष्ण प्रवाह कुठे मिळतात, तिथे मासळी का गोळा होते, किनाऱ्यावरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात बोटी कशा घातल्या, वाट कशी शोधली. धड्याखाली प्रश्न असतो, भौगोलिक कारणे द्या. मुलं कारणं देतात, मी गुण देते. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत, आणि त्या दिवशी माझं सगळं लक्ष कोणी पाण्यात तर जात नाही ना, याकडे होतं.

माझे बाबा ढिवर. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात, मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून आमचं घर आहे. बाबांनी जन्मभर त्या तलावात मासे धरले, त्यांच्या वडलांनीही तेच केलं. मी शिकले आणि आमगावच्या शाळेत भूगोलाची बाई झाले. धड्यात अटलांटिकचा कोळी आहे आणि तलावाचा ढिवर नाही, हे मला वीस वर्षांत एकदाही खटकलं नाही. पुस्तकात आपला बाप शोधायची सवय आम्हाला कोणी लावली नव्हती.

बाबांचा एक डोंगा होता. एकाच खोडातून कोरलेला, दोन माणसं पुढेमागे बसतील एवढा. आमच्याकडे लाकडी डोंगा टिकवायचा तर तो बुडवून ठेवावा लागतो. उन्हाळ्यात तलाव आटत जातो, माणसं पाण्यात उतरूनच जाळं ओढतात, डोंग्याचं काम पडत नाही. तो काठावर उन्हात पडला तर आठ दिवसांत चिरतो. म्हणून होळी झाली की त्यात दगड भरायचे आणि तलावाच्या सगळ्यात खोल जागी तळाशी बसवायचा. मृग लागला की दगड काढून वर आणायचा. बुडवला असं मात्र आमच्या घरात कोणी म्हणत नाही. बुडतो तो माणूस. डोंगा निजवतात आणि उठवतात.

एकदा उन्हाळ्यात कसल्याशा पाहणीसाठी एक साहेब आले होते. डोंगा पाहायचा आहे म्हणाले. आई म्हणाली, "डोंगा निजला हाये." साहेब भले. अर्धा तास ओट्यावर बसून राहिले, डोंगेवाला निजला असेल, उठेल म्हणून. आईने त्यांना दोनदा चहा दिला. शेवटी साहेबांनी हळूच विचारलं, "म्हातारे आजारी आहेत का?"

गावात लाकडी डोंगा आता बाबांचा एकच उरला होता. बाकीचे लोक ट्रकच्या ट्यूबवर थर्माकोलचे तुकडे बांधून त्यावर बसतात. हलकं पडतं, फुकटात होतं, फुटलं तर दुसरं बांधता येतं. बाबांना ते अजिबात पटत नसे. "ट्यूबवर बसून मासे धरते तो का ढिवर होय? तो तं पंक्चरवाला," असं ते त्या लोकांच्या तोंडावर म्हणत, आणि तेही हसत. माझा धाकटा भाऊ त्या पंक्चरवाल्यांपैकीच. तोही फक्त रविवारी. एरवी तो राईस मिलमध्ये कामाला जातो.

गेल्या वर्षी होळीनंतर बाबांनी नेहमीप्रमाणे एकट्यानेच डोंगा निजवला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. गोंदियाच्या दवाखान्यात बारा दिवस काढून ते घरी आले, तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. सगळे शब्द गेले, फक्त एक उरला. तो शब्द होता, सून.

इथे माझ्या भावजयीबद्दल सांगायला हवं. ती पलीकडच्या तालुक्यातल्या ढिवराच्याच घरची. आमच्या घरात येऊन तिला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत ती बाबांशी एकदाही थेट बोलली नव्हती. भांडण काही नव्हतं, रीतच तशी. बाबा समोरच्या दाराने आत आले की ती डोक्यावर पदर घेऊन सैपाकघराच्या दाराआड जाई. जेवण वाढलं आहे हे ती भिंतीला सांगे, भिंत नसेल तर मांजराला. बाबाही तिला नावाने हाक मारत नसत. "हाये का कोणी घरात?" एवढंच म्हणत. आई गेल्यावर तर दोघांच्या मधलं बोलणं पोचवायला फक्त मांजरच राहिलं होतं.

आणि आता बाबा दिवसातून दहादा म्हणत, "सून?" शेवट जरा उचलून, विचारल्यासारखं. भावजय हातातलं काम टाकून धावत येई. पाणी देई. कधी बाबा पीत, कधी मान फिरवत. पाणी नको असेल म्हणून ती चहा करी, चहा नको म्हणून पेज आणी. थोड्या वेळाने पुन्हा "सून?" आणि पुन्हा ती हजर. पण बोलणं अजून भिंतीशीच. तिचं तोंड मात्र बदललं होतं. नवऱ्याने नवं लुगडं आणलं तरी तिचं तोंड कधी असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. एकदा विहिरीवर ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "सगळं इसरले, पोरालेबी इसरले, पन मले नाई इसरले."

मी दर शनिवारी शाळा सुटली की गोंदियाला येऊन अर्जुनीची गाडी धरायची. घरी पोचून बाबांच्या खाटेशी बसायची. ते माझ्याकडे एकटक बघत आणि म्हणत, "सून?" मी उठून भावजयीला हाक मारायची. सरळच सांगते, मी जळले. आयुष्यभराची भाषा गेली आणि उरलेल्या एका शब्दात लेक नव्हती. पन्नाशीच्या बाईला असली असूया शोभत नाही हे मला कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी भावाचा फोन आला. "ताई, येत्या सोमवारपासून तलावात पोकलेन लागून राहिली. गाळ काढतेत. बाबाचा डोंगा अंदरच हाये."

"मग काढ ना बाहेर."

"कुठी निजवला ते मले नाई माहीत."

"तुले काऊन नाई माहीत?"

"मी मिलात जातो का तलावात? बाबानं कधी सांगतलं मले?"

त्याचं खरं होतं. बाबांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पूर्वी एकदा कोणीतरी दुसऱ्याचा निजलेला डोंगा काढून त्याच्या फळ्या केल्या होत्या, तेव्हापासून ते जागा मनातच ठेवत. तलाव काही लहान नाही. एप्रिलमध्येही मधल्या खोलगट भागात गळ्याएवढं पाणी राहतं, आणि तळाला मांडीभर गाळ. पाणी सोडून दिलं असतं तरी गाळात बसलेला डोंगा दिसला नसता. पोकलेनच्या दातात आला की त्याचं सरपण होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

एक जुनं लाकूड गेलं असतं तर जाऊ दे म्हटलं असतं. पण दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते की हातपाय काही प्रमाणात परत येतील, पावसाळ्यापर्यंत काठी धरून चालतीलही, फक्त माणसाला उठावंसं वाटलं पाहिजे. बाबांना उठावंसं वाटेल असं घरात काही नव्हतं. ज्याच्यासाठी ते उठले असते ते तळ्याच्या गाळात होतं, आणि आमच्या हातात शनिवार-रविवार होता.

शनिवारी मी पोचले तेव्हा भाऊ आणि शेजारचे दोघे जण दिवसभर बांबू खुपसून थकले होते. बांबूला दगड लागत, मुळं लागत. डोंगा लागत नव्हता. मी पाटीवर तलावाचं चित्र काढलं. पाळ, देऊळ, सांडवा, सगळं. भूगोलाची बाई, नकाशाला काय तोटा! बाबांच्या डाव्या हातात खडू दिला आणि विचारलं, डोंगा कुठे निजवला? त्यांनी पाटीवर एक लांब रेघ ओढली, पाळीपासून थेट पाटीच्या बाहेर. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सून?"

भावजय पाणी घेऊन आली. त्यांनी पेला डाव्या हाताने ढकलला. पाणी पाटीवर सांडलं आणि तलाव पुसला गेला.

रविवारी सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. तिसऱ्या घासाला त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "सून?" मी वाटी खाली ठेवली. "बोलावतो तुमच्या सुनेले," मी म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले त्याची मला आजही लाज वाटते. मग पायात चप्पल घालून तलावावर गेले.

पाळीवर चढले आणि आतल्या उताराने पाण्याच्या कडेकडेने चालू लागले. राग जिरवायला चालण्यासारखा उपाय नाही. आमच्या तलावाची पाळ एका ठिकाणी वळते. वळणाच्या अलीकडे मोहाचं एक जाडजूड झाड आहे आणि वळणापलीकडे एक उंच, बारीक सिंदी, खजुरासारखी. मी चालत होते तशी ती सिंदी सरकत सरकत मोहाकडे येत होती. आणखी थोडी चालले आणि ती मोहाच्या बुंध्यामागे गेली. दिसेनाशी झाली.

माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाला, "लपली."

मी तिथेच चिखलात उभी राहिले. मोह म्हणजे सासू. सिंदी म्हणजे सून. ही नावं बाबांनी ठेवली होती की त्यांच्या वडलांनी, मला माहीत नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना होळीनंतर बाबा मला डोंग्यात बसवून न्यायचे. ते मागे उभे राहून बांबूने डोंगा रेटत आणि त्यांचं तोंड पुढे असे. मला ते पाळीकडे तोंड करून बसवत. माझं काम एकच. बाबा मान न वळवता विचारत, "सून?" मी पाळीकडे बघून म्हणे, "दिसते." डोंगा पुढे जाई. "सून?" "दिसते." पुन्हा "सून?" आणि मग सिंदी मोहाच्या मागे गेली की मी ओरडे, "लपली!" बाबा तिथून डोंगा सरळ त्या रेषेत नेत. दुसरी खूण ते स्वतः पाहत. उजव्या हाताच्या काठावर देवीचं देऊळ आहे, त्याचा झेंडा मागच्या डोंगराच्या खिंडीत बरोबर बसला पाहिजे. सून सासूमागे आणि झेंडा खिंडीत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे डोंग्याची निजायची जागा. मी वर्गात अक्षांश-रेखांश शिकवते ते याहून वेगळं काही नाही. किनारा दिसत असताना अटलांटिकवरचे लोकही दोन खुणा एका ओळीत धरूनच जागा ओळखत असणार. फक्त त्यांच्यावर प्रश्न येतो.

पुढे मी मोठी झाले आणि मोठ्या मुलीने डोंग्यात बसायचं नसतं म्हणून माझं जाणं बंद झालं. मी ते इतकं विसरले की विसरले आहे हेही विसरले. बाबा नंतर मान वळवून स्वतःच बघत असतील. पण झटक्यानंतर त्यांच्या डोक्यात जे शेवटचं काम राहिलं होतं त्यात विचारणारे ते होते आणि सांगणारी मी. चार आठवडे माणूस एक प्रश्न विचारत होता आणि आम्ही त्याला पाणी पाजत होतो.

मी पळत घरी गेले नाही. आधी डोंगा. भाऊ काठावर बांबू घेऊन बसलाच होता. त्याला सांगितलं, तो म्हणाला, "झाडायचं नाव होय?" आणि कपाळावर हात मारला. आम्ही ट्यूब आणि थर्माकोलचं ते वाहन पाण्यात लोटलं. मी लुगडं खोचून त्यावर बसले, पाळीकडे तोंड करून. बाबांनी पाहिलं असतं तर लेकही पंक्चरवाली झाली म्हणाले असते. भाऊ पाण्यातून ढकलत होता आणि झेंड्यावर नजर ठेवून होता. पाणी त्याच्या छातीला लागलं तेव्हा त्याला विचारावंच लागलं.

"सून?"

"दिसते."

"आता? सून?"

"दिसते. डावीकडं घे."

पाळीवर आता चार-सहा माणसं जमली होती. भावजयही जेवणाचा डबा घेऊन येऊन उभी राहिली होती. सिंदी मोहाच्या कडेला टेकली. सूनही म्हातारी झाली होती, चांगलीच वाकली होती. भावाच्या गळ्याशी पाणी आलं.

"सून?" तो ओरडला.

"लपली!" मी त्याहून मोठ्याने ओरडले. "सासूमागं सून लपली!"

भाऊ थांबला. झेंडा खिंडीच्या जरा अलीकडे होता, म्हणून त्याच रेषेत आणखी दहा-बारा पावलं गेला. मग पायाने चाचपत एक गोल फेरी घातली, आणि एकदम उभा राहून नुसता माझ्याकडे बघून हसला. त्याच्या पायाखाली लाकूड होतं.

दगड काढायला तास गेला. तिघे जण बुड्या मारून एकेक दगड वर आणून बाजूला टाकत होते. मग डोंग्याची एक कड पाण्याबाहेर आली, काळीकुट्ट, शेवाळाने बुळबुळीत. त्याच्या पोटातून एक मोठी मरळ निघाली आणि भावाच्या पायावर शेपटी आपटून पसार झाली. कुठेही चीर नव्हती. काठावर आणल्या आणल्या त्यावर ओली पोती टाकली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावामागच्या बोडीत नेला. बोडी म्हणजे लहानसं तळं, तिथे गाळ काढायचा हुकूम नव्हता. दुपार टळायच्या आत डोंगा तिथे परत निजवला.

बोडीवरून मी आणि भावजय दोघीच घरी निघालो. भाऊ ट्रॅक्टर परत द्यायला गेला होता. मला फार आनंद झाला होता. घरी जाऊन बाबांच्या समोर उभं राहायचं आणि ते "सून?" म्हणाले की "लपली" म्हणायचं, हे मी मनात चारदा म्हणून पाहिलं होतं. ते उत्तर माझं होतं. चाळीस वर्षांपूर्वीपासून माझंच होतं. तो शब्द मला उद्देशून होता, तिला नव्हे, हेही मनात होतंच. खोटं कशाला बोलू.

अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "बाई, सून म्हंजे ते सिंदी होय?"

"होय."

ती थोडी चालली. डब्याचं झाकण वाजत होतं, ते तिने हाताने दाबून धरलं.

"मंग मी एवढे दिवस कोणाच्या हाकेवर धावून राहिली होती?"

मी भूगोलाची बाई. कारणे द्या म्हटलं की चार मुद्दे लिहून देईन. याचं मला एकही सुचलं नाही. मघाचा माझा आनंद तिच्या पदरातून काढून घेतल्यासारखा वाटू लागला.

घरी आलो. मी अंगणात चिखलाचे पाय धूत होते, ती आत गेली. खाटेवरून आवाज आला, "सून?"

मी तशीच ओल्या पायांनी दारात गेले. भावजय सैपाकघरात होती. मला वाटलं, आज ती येणार नाही, आणि आली नसती तर तिला कोणी काही म्हटलं नसतं. ती आली. डोक्यावर पदर होता, हातात पाण्याचा पेला होता. खाटेजवळ उभी राहिली. भिंतीकडे तिने पाहिलं नाही आणि मांजर घरात नव्हतं.

"लपली, मामाजी," ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. सोळा वर्षांत त्यांनी तिचं तोंड इतका वेळ पाहिलं नसेल.

"लपली," ती पुन्हा म्हणाली. "डोंगा भेटला. बोडीत निजवला. आता पानी प्या."

बाबांनी तोंड उघडलं आणि पेला रिकामा होईपर्यंत प्यायले. माझं उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. मी उंबऱ्यातूनच मागे फिरले आणि पाय पुन्हा धुतले, धुतलेलेच.

पावसाळ्यात बाबा काठी धरून बोडीपर्यंत जाऊ लागले. भाऊ डोंगा उठवतो, ते काठावर बसून डाव्या हाताने खुणा करून त्याच्या चुका काढतात. दोन-चार शब्द परत आले आहेत, त्यात एक शिवी आहे आणि मला मारायची हाकही आहे. सून मात्र त्या दिवसानंतर ते एकदाही म्हणाले नाहीत. भावजय वेळ झाली की पाणी घेऊन जाते, न बोलावता.